लॅडरवर चपळ, कोर्टवर उशीर: बारा वर्षांच्या मुलीचं नेमकं काय अडतंय?

तासगावच्या एका वडिलांचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगते. मुलगी १२ वर्षांची, दीड वर्षापासून बॅडमिंटन खेळते. जिल्हा स्पर्धेत दोनदा पहिल्याच फेरीत हरली. ‘पोरगी स्लो आहे’ असं कानावर आल्यावर त्यांनी लॅडर (जमिनीवर अंथरून चौकोनांत पावलं टाकायची पट्ट्यांची शिडी) आणि प्लास्टिकचे कोन मागवले आणि सहा महिने रोज संध्याकाळी गच्चीवर अर्धा तास करून घेतायत. लॅडरवर आता तिचे पाय दिसत नाहीत इतके भराभर चालतात. कोर्टवर मात्र ती तशीच उशिरा पोहोचते, आणि स्मॅश, म्हणजे वरून खाली जोरात मारलेला फटका, आला की शटल एक तर रॅकेटच्या फ्रेमला लागतं नाहीतर सुटतं. त्यांना तीन गोष्टी विचारायच्यात. अजून कोणते व्यायाम वाढवू? रंगीत दिवे लागणारं रिअ‍ॅक्शनचं यंत्र घेऊ का? आणि शाळेतला खो-खो बंद करू का?

शेवटच्याचं उत्तर आधी देते, कारण बाकीच्यांना उशीर झाला तरी चालेल. खो-खो बंद करू नका. कारण पुढे येईलच.

मी सांगलीत वीसेक वर्षं मुलांना बॅडमिंटन शिकवते. तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी ‘अवलंबून’ या खात्यात राहणार. तिची उंची सध्या झपाट्यानं वाढतेय का, डोळे तपासलेत का, हॉलमध्ये उजेड कुठून येतो, सराव प्लास्टिकच्या शटलवर होतो की पिसांच्या, यांनी उत्तर बरंच बदलतं. तरी तुम्ही लिहिलंय त्यावरून एक अंदाज बऱ्यापैकी खात्रीनं बांधता येतो. तिचे पाय मंद नसावेत. ती निघतेच उशिरा.

लॅडरमध्ये काय होतं बघा. पुढचं पाऊल कुठल्या चौकोनात टाकायचं हे पहिल्या पावलाआधीच ठरलेलं असतं. बघायचं काही नाही, ठरवायचं काही नाही. सहा महिन्यांत ती लॅडर शिकली, आणि लॅडरच शिकली. पायांना लय येते, पोटऱ्या तयार होतात, वॉर्मअप म्हणून पाच मिनिटं उत्तम. पण आपण ज्याला चपळाई म्हणतो तिच्यात तीन कामं एकापाठोपाठ असतात: दिसणं, ठरवणं, निघणं. लॅडर यातलं तिसरंच करून घेतो, तेही अर्धं, कारण तिथे दिशा बदलताना कुणी फसवत नसतं.

आता कोर्टाचा हिशोब करू. एकेरीचं कोर्ट ५.१८ मीटर रुंद असतं आणि आपल्या बाजूची खोली ६.७० मीटर. मध्यावर उभं राहिलं तर बाजूची रेषा अडीच मीटरच्या थोडी पुढे. त्यात एक लंज (गुडघा वाकवून टाकलेलं लांब पाऊल), हाताची लांबी आणि रॅकेट वजा करा. उरतं काय? दीड-दोन पावलं. कोपऱ्यात मागे जायचं तर तीन, फार तर चार. तेव्हा तिला रोज सकाळी पाच किलोमीटर पळवलंत तर दम वाढेल, पण या दोन पावलांना त्याचा फारसा हातभार लागणार नाही. वेळेकडूनही बघू. डोळ्याला काही दिसल्यापासून शरीर हलायला लागेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातो, आणि सरावानं त्यात फार काटछाट होत नाही. समोरून चांगला स्मॅश आला तर अर्धा सेकंदही पुरता मिळत नाही. आपला बॅडमिंटनपटू सात्विकसाईराज रंकीरेड्डीनं २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारून गिनीज विक्रम केला. तो वेग रॅकेटवरून सुटतानाचा. पिसांमुळे शटल लगेच मंदावतं. तरी समोर उभं राहणाऱ्याला विचारा! जगातल्या चांगल्या खेळाडूंचीही नुसती प्रतिक्रिया तेवढ्या वेळात पुरत नाही. मग ते पोहोचतात कसे? दोन युक्त्या असतात. एक पायात, एक डोळ्यात.

पायातली युक्ती म्हणजे स्प्लिट स्टेप. समोरचा फटका मारतो त्या क्षणाच्या आसपास दोन्ही पायांवर एक बारीकशी उडी. उडी म्हणायलाही जड, टाचा उचलल्यासारखं होऊन पाय थोडे फाकून चवड्यांवर टेकायचं. टेकताना गुडघे किंचित वाकतात, स्नायू ताणले जातात, आणि त्याच ताणातून कुठल्याही दिशेला ढकलून निघता येतं. मुरलेल्या खेळाडूचं तर जायच्या दिशेच्या विरुद्ध बाजूचं पाऊल नकळत आधी टेकतं, म्हणजे टेकणं आणि ढकलणं एकच होऊन जातं. नवख्या मुलांच्यात मला दोन प्रकार दिसतात. काही जण फटका मारून झाला की पुतळ्यासारखे टाचांवर उभे राहतात. काहींना कुणीतरी ‘उड्या मारत राहा’ सांगितलेलं असतं, ते सारखे नाचत असतात, आणि नेमकं शटल येतं तेव्हा हवेत असतात. हवेतून कुठे जाणार? लॅडर घोटलेल्या मुलांच्यात हा दुसरा प्रकार जास्त. पाय हलतायत म्हणून बाहेरच्याला ती तयार वाटतात, पण टेकण्याची वेळ साधलेली नसते.

ही वेळ शिकवायची माझी पद्धत एकदम बिनखर्चाची आहे. मूल कोर्टवर नसतंच. बाकड्यावर बसवते, समोर दोन मोठी मुलं खेळत असतात. त्यातल्या एकाकडेच बघायचं आणि त्याची रॅकेट शटलला लागेल त्याच क्षणी टाळी वाजवायची. सोपं वाटतं ना? बहुतेक मुलं पहिल्या दिवशी आवाज ऐकून टाळी वाजवतात, म्हणजे उशीरच. दोन-तीन दिवसांत टाळी आणि ‘टक’ एकत्र यायला लागतात. मग उभं राहून टाळीऐवजी पाय टेकवायचे. मग कोर्टवर, पण रॅकेट न घेता. मी पलीकडून शटल मारते, तिनं पाय टेकवून योग्य दिशेला एकच पाऊल टाकायचं आणि थांबायचं. शटल पडू दे खुशाल. हा टप्पा पालकांना बघवत नाही, फी भरलीय आणि पोरगी नुसती उभीय असं वाटतं. पण इथे घाई केली की रॅकेट हातात येताक्षणी सगळं विसरलं जातं.

डोळ्यातली युक्ती यापेक्षा मोठी, आणि इथेच तुमचा खो-खो येतो.

खो-खोत धावताना तुमची मुलगी कशाकडे बघते, तिलाच विचारा. पाठलाग करणारीच्या पायांकडे बघते म्हणाली तरी पूर्ण विश्वास ठेवू नका. ती खांदा बघत असते. एकदा दिशा घेतली की पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, आणि वळली की नाही हे पंच खांद्याच्या रेषेवरून ठरवतात. त्यामुळे धावणाऱ्याला तो खांदा वाचायची सवय लागते. खांद्यानं बोललेलं ओळखायचं आणि हुलकावणी देऊन निसटायचं. सांगली-साताऱ्याकडच्या शाळांतून ही विद्या पोरींच्या अंगात अशी मुरलेली असते की त्यांना ती विद्या आहे हेच ठाऊक नसतं. हीच मुलगी बॅडमिंटनच्या कोर्टवर आली की फक्त शटलकडे बघते. शटल जाळीवर आलं की मग ठरवते, पुढे की मागे. तिथेच अर्धी रॅली गेली.

समोरच्याचा खांदा, कोपर, मग रॅकेटचं तोंड, या क्रमानं खबर येत असते. १९८०च्या दशकात ब्रूस अ‍ॅबरनेथी या संशोधकांनी बॅडमिंटन खेळाडूंना फटक्याच्या चित्रफिती मधेच तोडून दाखवल्या आणि शटल कुठे पडेल ते विचारलं. मुरलेले खेळाडू हात आणि रॅकेट दोन्हींवरून ओळखत होते, नवख्यांना फक्त रॅकेटवरून कळत होतं. हात रॅकेटच्या आधी हलतो, त्यामुळे ज्याला हात वाचता येतो त्याला तेवढी उसंत जास्त मिळते. यात ‘नजर तेज’ असण्याचा संबंध कमी, कुठे बघायचं हे माहीत असण्याचा जास्त.

म्हणून बाकड्यावरच्या टाळीनंतरचा माझा खेळ असा. मागच्या रेषेच्या मागे उभं राहायचं आणि समोरच्या खेळाडूचं शटल जाळी ओलांडायच्या आत ओरडायचं, ‘पुढे’ किंवा ‘मागे’. चुकलं तरी चालेल, उशिरा बोललेलं चालणार नाही. मुलं यात फार रमतात, पैजा लावतात. हळूहळू त्यांनाच कळायला लागतं की अमका दादा ड्रॉप (जाळीजवळ हलकेच टाकलेला फटका) मारताना कोपर आधीच सैल सोडतो, तमकी ताई टॉस (उंच, मागे जाणारा फटका) मारायचा असला की जरा जास्तच वाकते. हे मी शिकवत नाही. मला माहीतही नसतं.

दिव्यांच्या यंत्राचं उत्तर यातच आलं. दिवा लागला की हात लावायचा, यात दिव्याला खांदा नसतो. दिवा लागण्याआधी काही सांगत नाही. मूल दिव्यात पटाईत होईल, जसं लॅडरमध्ये झालं. मजा म्हणून मित्राचं मिळालं तर वापरा. विकत घ्यायचं म्हणाल तर त्या पैशात पिसांच्या शटलचे डबे येतील, ते घ्या.

आता ‘पोहोचत नाही’ याची दुसरी शक्यता, जी बाहेरून अगदी पहिल्यासारखीच दिसते: ती जाते वेळेवर, पण परत येत नाही. पुढच्या कोपऱ्यात लंज मारला, शटल उचललं, आणि तिथेच रुतली. पुढचं शटल मागे आलं की पुन्हा ‘स्लो’. हे ब्रेकचं दुखणं आहे. लंजमध्ये टाच आधी टेकली पाहिजे, पाऊल शटलच्या दिशेला हवं, गुडघा बोटांच्याच रेषेत हवा, आत कलंडता कामा नये. मागचा पाय थोडा घसटत पुढे आला तर येऊ दे, तो परत ओढायला मदतच करतो. दुसरा हात मागे पसरलेला हवा, नाहीतर तोल पुढे जातो. याला ताकद लागते, आणि ती वजनं उचलूनच येते असं नाही. लंज मारून तीन आकडे थांबणं, पायरीवरून एका पायानं सावकाश उतरणं, दोरीउड्या आणि आपली लंगडी. लंगडीला कुणी व्यायाम म्हणत नाही म्हणून ती मागे पडली, पण घोट्यासाठी आणि तोलासाठी तिच्यासारखं काही नाही. दोन्ही पायांवर घाला मात्र.

गच्चीबद्दल एक सांगायचंय, आणि हे माझ्या चुकीतून आलेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही उत्साहात मुलांना कोब्यावर उड्या मारायला लावायची. एक मुलगा टाच दुखते म्हणून आठवडाभर सांगत होता, मी ‘होईल बरं, कर’ म्हणत होते. शेवटी तो लंगडत घरी गेला आणि डॉक्टरांनी दीड-दोन महिने खेळ थांबवला. दहा ते चौदा या वयात हाडं भराभर वाढतात. टाचेच्या मागे आणि गुडघ्याखाली जिथे स्नायूची दोरी हाडाला जोडलेली असते, तो भाग कच्चा असतो. तिथे वारंवार ओढ बसली की दुखायला लागतं. तेव्हा सिमेंटवर उड्या बंद. गच्चीवर करायचंच असेल तर नुसतं पाऊल टाकणं, थांबणं, तोल, एवढंच. उंची झपाट्यानं वाढण्याच्या काळात मुलं काही महिने धांदरट वाटतात, कालपर्यंत जमणारं आज जमत नाही. वाढलेल्या हातापायांचा अंदाज यायला वेळ लागतो. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करत असाल तर बघा, यंदाची खूण किती वर गेलीय.

आता हात आणि डोळा. फ्रेमला लागतं याचं पहिलं कारण मी हातात शोधते, डोळ्यात नंतर. स्मॅश येणार म्हटलं की मूल घाबरून मूठ आवळतं. आवळलेल्या मुठीत मनगट आणि बोटं फिरत नाहीत, मग अख्खा हात मागे नेऊन फिरवावा लागतो, तोवर शटल अंगावर. तुमच्याकडे तासगावात समजावणं सोपं आहे: पेटीत भरताना द्राक्षाचा घड धरतो तशी रॅकेट धरायची. सुटायला नको आणि मणी दबायलाही नको. शटलला लागण्याच्या क्षणापुरती बोटं आवळायची, परत सैल. आणि रॅकेट पोटासमोर, थोडी पुढे. खाली लोंबत असेल तर वर आणण्यातच वेळ जातो.

घरी करायला भिंत पुरते. दीड-दोन मीटरवर उभं राहून भिंतीवर शटल मारत राहायचं, फटका लहान, रॅकेट समोरच. वीस सलग आले की अर्धं पाऊल पुढे. दुसरा खेळ दोन रंगांच्या चेंडूंचा: तुम्ही दोन्ही एकदम सोडायचे आणि त्याच क्षणी रंग पुकारायचा, तिनं तोच दुसऱ्या टप्प्याआधी झेलायचा. एकदा डाव्या हातानं, एकदा उजव्या. वेडावाकडा उसळणारा रिअ‍ॅक्शन बॉल हवा असेल तर जुन्या वाड्याची नाहीतर गोठ्याची ओबडधोबड दगडी भिंत आणि साधा रबरी चेंडू घ्या. चेंडू कुठे जाईल हे दगडालाही माहीत नसतं. मात्र हे सगळं मिळून दहा मिनिटं, चटणी म्हणून. जेवण शटलवरच व्हायला हवं, कारण शटलसारखं उडणारं दुसरं काही नाही. वेगात सुटतं आणि मग एकदम गळतं. प्लास्टिकचं शटल पिसांच्या शटलइतकं लवकर मंदावत नाही, त्यामुळे एकावर घोटलेली वेळ दुसऱ्यावर चुकते. स्पर्धा पिसांच्या शटलवर असेल आणि सराव पूर्ण प्लास्टिकवर, तर फ्रेमचं निम्मं कोडं तिथेच असू शकतं. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मेच्या उकाड्यात तेच शटल थंडीपेक्षा जास्त पळतं. पिसांची शटलं सगळ्या काळात परवडतात असं नाही, पण स्पर्धेआधीचे दोन आठवडे तरी पिसांवर खेळू द्या.

डोळे तपासून घ्या, हे मी प्रत्येक पालकाला सांगते आणि निम्मे हसतात. माझ्याकडची एक मुलगी अशीच ‘स्लो’ होती, वर्षभर. चष्मा लागल्यावर म्हणाली, ‘मॅडम, शटलला पिसं दिसतायत!’ आणि हॉलही बघा. पत्र्याचा हॉल, मागे पांढरी भिंत, बाजूच्या खिडकीतून ऊन, अशा ठिकाणी पांढरं शटल कुणालाही उशिरा दिसतं. भिंतीवर गडद हिरवा कपडा टांगून बघा, फरक पडतो.

शटल एकामागून एक टाकत घ्यायचा जो मल्टिशटल सराव असतो, तो तुमच्या कोचकडे होत असेलच. त्यांना आदरानं एवढंच विचारून बघा की क्रम ठरलेला असतो का. पुढे-मागे-पुढे-मागे असा ठरला असेल तर ती पुन्हा लॅडरच झाली, फक्त महागडी. शिकताना सुरुवातीला ठरलेला क्रम लागतोच, नाहीतर पावलं बसत नाहीत. पावलं बसली की मात्र क्रम मोडायचा, आणि हातानं टाकण्याऐवजी रॅकेटनं मारायचा, म्हणजे वाचायला खांदा मिळतो. आठ-दहा शटल, मग त्याच्या दुप्पट विश्रांती. एकेरीतल्या बहुतेक रॅली तेवढ्याच असतात, पाच-दहा सेकंदांच्या. चाळीस शटल सलग घेतली तर शेवटची तीस ती थकून, चुकीच्या पायांनी घेते, आणि चुकीचं तेच पक्कं होतं.

तुमच्या अर्ध्या तासाची मी वाटणी अशी करेन. लॅडर पाच मिनिटं. लंज, पायरी, लंगडी दहा मिनिटं, एक दिवसाआड. भिंत आणि चेंडू दहा मिनिटं. उरलेली पाच मिनिटं मोबाइलवर एखादा एकेरीचा सामना लावून टाळ्या आणि ‘पुढे-मागे’ ओरडणं, तुम्हीही तिच्याबरोबर ओरडा. तुम्ही हराल, त्यात तिला मजा येईल. खो-खो आठवड्याला दोन-तीन दिवस चालू ठेवा, फक्त स्पर्धेच्या आदल्या दिवशी मैदानात सूर मारून गुडघे सोलून घेऊ नये. दुसऱ्या खेळानं पहिला बिघडतो ही भीती मला कधी पटली नाही. याच सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिस खेळायचे, नंतर बॅडमिंटनकडे आले, आणि १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय ठरले.

किती दिवसांत फरक पडेल हे मात्र विचारू नका. टेकण्याची वेळ काही मुलांना पंधरा दिवसांत साधते. वाचण्याला महिने लागतात, कारण त्यासाठी वेगवेगळ्या लोकांशी खेळावं लागतं. एकाच मैत्रिणीबरोबर रोज खेळत असेल तर तिला ती मैत्रीण पाठ होईल. शनिवार-रविवारी मिरजेला किंवा सांगलीला आणून अनोळखी मुलामुलींशी दोन-चार गेम खेळवलेत तर घरच्या व्यायामापेक्षा जास्त मिळेल.

माझा अंदाज बरोबर आहे का ते पाहायला एक व्हिडिओ लागेल. मोबाइल स्लो मोशनवर ठेवा, तिच्या पाठीमागे, मागच्या रेषेच्या बाहेर, खुर्चीइतक्या उंचीवर, म्हणजे तिचे पाय आणि समोरच्याची रॅकेट दोन्ही एकाच चौकटीत येतील. पाच-सहा रॅली पुरेत. मग चित्र एकेक करून सरकवा आणि समोरची रॅकेट शटलला लागते तिथे थांबा. त्या चित्रात तिचे पाय जमिनीवर सपाट आहेत, हवेत आहेत की नुकतेच टेकतायत? टेकत असतील तर माझं अर्धं उत्तर चुकलं आणि आपण परत येण्याच्या ब्रेकवर बोलू. आणि व्हिडिओ काढणार आहात हे तिला आधी सांगा. चोरून काढलेला मुलींना आवडत नाही.